या हं पुन्हा!

संध्याकाळचे साडेसात वाजले की मनोहरराव टीव्हीवर कॅनडा लावायचे. बातम्या नव्हेत, मालगाड्या! तिथल्या कुठल्याशा छोट्या रेल्वेच्या फाटकावर कोणा शौकिनाने थेट प्रक्षेपणाचा कॅमेरा बसवला होता. तिकडे तेव्हा सकाळचे साडेसात आणि जिकडेतिकडे बर्फ. चाळीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसाला यात काय गोडी वाटते, हे सिंगापूरच्या बुकित तिमाह भागातल्या त्या कॉन्डोत कुणालाच कळायचं नाही. सोबतीला असायची सहा वर्षांची नात, इरा. मुलगा आणि सून ऑफिसातून येईपर्यंत ती आजोबांच्या ताब्यात. तिच्यावर त्यांचा भारी जीव. पण पोरगी मराठीत एक शब्द बोलेल तर शपथ, ही त्यांची कायमची खंत.

ओंडके लादलेले डबे खडखडत निघून गेले की मनोहरराव हात हलवायचे, लिफ्टपर्यंत पाहुण्यांना सोडायला जावं तसे. ‘‘या हं पुन्हा!’’ इराही तसंच म्हणायची. मराठी म्हणून तिला तेवढंच यायचं.

‘‘अहो बाबा, मालगाडीला कसली आमंत्रणं देताय!’’ रविवारी घरी असली की सूनबाई संजीवनी हसायची.

त्या सोमवारी इंजिनाच्या ड्रायव्हरने हात केला.

‘‘आजोबा, ही वेव्ड ॲट मी!’’

‘‘तिथल्या कुणाला तरी केला असेल,’’ मनोहररावांनी विषय तोडला. पण फाटकाजवळच्या बर्फात पावलाची एकही खूण नव्हती, हे त्यांनी पाहिलं होतं.

मंगळवारी इराचा हात उठायच्या आधीच त्याचा उठला. गाडीही हळू झाली होती. बुधवारी ती चक्क थांबली. ड्रायव्हर खाली उतरला आणि कॅमेऱ्याकडे बघत उभा राहिला. टोपीखाली चेहरा काही दिसेना. मनोहररावांनी झटकन रिमोट उचलला. त्यांनी टीव्ही बंद केला.

‘‘बास झाल्या गाड्या. उद्यापासून कार्टून.’’

‘‘बट यू टोल्ड देम टू कम, लाह,’’ इरा आपल्या सिंगापुरी इंग्रजीत फुरंगटून म्हणाली.

गुरुवारी टीव्ही बंदच होता. साडेसातला भोंगा वाजला. दोन लांब, एक आखूड, एक लांब, थेट टीव्हीवरच्या गाडीसारखा. बाल्कनीच्या बाजूने.

कॉन्डोच्या मागून जुनी रेल्वेलाइन जायची खरी. पण रूळ उखडून कैक वर्षं झाली होती. तिथे आता लोक फिरायला जातात.

‘‘इरा, इथेच बस. हलायचं नाही!’’ म्हणत ते बाल्कनीचं दार लावायला धावले. बाहेर डिझेलचा वास होता. उभा जन्म त्या वासात गेलेला, चूक होणं शक्यच नव्हतं. आणि सिंगापूरच्या त्या घामट हवेत त्यांच्या तोंडातून वाफ निघाली.

त्यांनी दार ओढलं, कडी लावली आणि मागे वळले.

टीव्ही सुरू होता.

गाडी निघून चालली होती. बर्फात छोट्या बुटांच्या खुणा कॅमेऱ्याखालून निघून रुळांपर्यंत गेल्या होत्या. परतीच्या नव्हत्या.

इरा सोफ्यावरच होती. मनोहररावांच्या जिवात जीव आला. त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

हात बर्फासारखा गार होता.

‘‘गेले हो पाहुणे, आजोबा,’’ ती स्वच्छ मराठीत म्हणाली. ‘‘आता मी राहणार तुमच्याकडे.’’