तिच्या फोनचे कुलूप

दिवा राहू द्या, पण दार लोटून घ्या. बाहेरच्या पावलांचा आवाज मध्येच नको. हे मी पाहिलेले नाही. ज्यांनी पाहिले, ते न्यायालयाच्या अभिलेख कक्षात एकतीस वर्षे माझ्यासमोरच्या टेबलावर बसत. आम्ही त्यांना दफ्तरदार म्हणत असू. साक्षीतला एक स्वल्पविराम गळला, तरी नक्कल परत पाठवणारा माणूस. त्यांनी सांगितले तेवढेच सांगतो. पदरचे काही घालत नाही.

नोव्हेंबरची एकोणिसावी तारीख, मंगळवार. संध्याकाळी सहाच्या सुमारास दफ्तरदार कापडी पिशवीत दिवंगत पत्नीचा फोन आणि त्याच दुपारी आलेले एक पत्र घेऊन पुतण्याकडे गेले. पुतण्या फोन दुरुस्त करी. दुकान इतके चिंचोळे, की गिऱ्हाईक आत आले म्हणजे मालकाला पाय आवरून बसावे लागे.

"या काका. आज कोणता शिक्का आणलात?"

"चेष्टा पुरे. फोनच्या कंपनीचं उत्तर आलंय, वाच."

पुतण्याने पत्र वाचले. न्यायालयाने दफ्तरदारांना वारस ठरवले होते. त्या आदेशानुसार कंपनीने काकूंच्या खात्यातले सारे दिले होते. पत्रव्यवहार, पावत्या, दोनशे छायाचित्रे. फक्त ध्वनिमुद्रणे नव्हती. ती फोनमध्येच होती, आणि फोनचे कुलूप कंपनीलाही उघडता येत नव्हते.

दफ्तरदारांना तर तेवढीच हवी होती. काकू अंध मुलांच्या शाळेसाठी एक पाठ्यपुस्तक वाचून फोनमध्ये ध्वनिमुद्रित करीत. रोज दुपारी तीन ते चार. पुस्तक पुरे झाल्याखेरीज काही पाठवायचे नाही, हा त्यांचा हट्ट. मध्ये कुठे आवाज झाला, की त्या थांबत, घोटभर पाणी पीत आणि ते वाक्य पहिल्यापासून वाचत. "अहो, पेला आपटू नका ना!" अशी तंबी मग दाराआडून येई. त्यांचा आवाज जगात दुसरीकडे कुठेच साठवलेला नव्हता. घरात माणूस बोलत असताना त्याचा आवाज जपून ठेवायचे कोणाच्या मनात येते?

"तू उघड," दफ्तरदार म्हणाले. "मी कायदेशीर वारस आहे."

"काका, फोनला कायदा कळत नाही हो. जबरदस्ती केली तर आतलं सगळं पुसलं जाईल." पुतण्या जरा घुटमळला. "मी तेव्हाच म्हणालो होतो…"

म्हणाला होता खरा. काकू पक्षाघाताने साडेचार महिने रुग्णालयात निपचित पडून होत्या. पहिल्याच आठवड्यात हा पोरगा म्हणाला होता, "काका, काकूंचा अंगठा फोनला लावा. एका क्षणाचं काम आहे." दफ्तरदार ताडकन उठले होते. शुद्ध हरपलेल्या बापाचा अंगठा शाईत बुडवून केलेले किती दस्त त्यांनी आयुष्यभर बाजूला काढले होते! तेच स्वतःच्या बायकोला करायचे? त्यांनी पालक म्हणून नेमणूक मिळावी यासाठी रीतसर अर्ज केला. आदेश शुक्रवारी निघाला. काकू गुरुवारी गेल्या. हा आदेश आता निरर्थक झाला, हे वकिलाला दफ्तरदारांनीच समजावून सांगितले. मग वारस म्हणून नवा अर्ज. पुन्हा तारखा. पुन्हा नऊ महिने.

"मी चुकलो का रे?" त्यांनी विचारले.

पुतण्याने फोन पुसला, पिशवीत ठेवला आणि म्हणाला, "चला, तुम्हाला घरी सोडतो."

घर म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. काकू ज्या टेबलाशी बसून वाचत, त्यावर दफ्तरदारांनी फोन ठेवला, दार ओढून घेतले आणि ते आतल्या खोलीत आडवे झाले.

जाग आली तेव्हा घड्याळात दोन वाजून चाळीस मिनिटे झाली होती.

दाराच्या फटीतून उजेड येत होता. निळसर. थोडासा.

आणि कोणीतरी वाचत होते.

"पाण्याचे बाष्पीभवन कोणत्याही तापमानाला होत असते…"

तोच आवाज. तीच संथ, स्वच्छ वाणी. दफ्तरदार अंथरुणावर उठून बसले. फोन उघडला, त्यांना वाटले. कसा का असेना, उघडला. जुने मुद्रण वाजते आहे. दाराला हात लावायचा धीर झाला नाही. लावला आणि थांबले तर?

ते ऐकत राहिले. सव्वा वर्षाने ऐकत होते. तोंडावर उशी दाबली… तरी हुंदका फुटलाच.

आवाज थांबला.

खोलीत काही हलले नाही. उजेड तसाच.

मग… पाणी प्यायल्याचा आवाज. एक घोट.

"पाण्याचे बाष्पीभवन," आवाजाने पुन्हा सुरुवात केली, "कोणत्याही तापमानाला…"

मुद्रण ऐकणाऱ्यासाठी थांबत नाही, पोरांनो. मुद्रणाला ऐकू येत नाही.

"अगं…" एवढेच ते ओठातल्या ओठात म्हणाले.

वाचन पुढे चालले. शेवटच्या ओळीपर्यंत. स्वाध्यायाच्या प्रश्नांपर्यंत.

मग अंधार.

सकाळी त्यांनी दार उघडले. फोन जागच्या जागी. कुलूपबंद. पुतण्या धावत आला, त्याने तपासले. फोन रात्री उघडल्याची काहीच खूण नव्हती. "काका, स्वप्न पडलं असेल," तो हळूच म्हणाला. दफ्तरदारांनी वाद घातला नाही. कदाचित तेही तसेच मानून गप्प बसले असते.

पण साडेदहाला अंध शाळेतून फोन आला. बाई नव्याने रुजू झालेल्या; त्यांना काही ठाऊक नव्हते.

"नमस्कार. मॅडमचं पुस्तक मिळालं, अख्खं. पहाटे तीनला पाठवलंय त्यांनी. किती सुंदर वाचतात हो! त्यांना आमचे आभार सांगाल?"

दफ्तरदारांनी टेबलावरच्या कुलूपबंद फोनकडे पाहिले.

"एकच विचारायचं होतं. शेवटच्या पाठात मागे कुणीतरी रडतंय. पुरुषाचा आवाज आहे. वाक्य त्यांनी पुन्हा वाचलंय, पण रडणं तसंच राहिलंय… मुलांना देण्याआधी तेवढं कापू का?"