कापलेला फोटो

वरच्या गल्लीतल्या टोळीचा म्होरक्या हातोडा दार फोडून येईल, अशी भावजींची समजूत होती. त्याने चपला बाहेर काढल्या आणि वहिनींना नमस्कार केला. वहिनी खाजगी तपासनीस, भावजी त्यांचे धाकटे दीर आणि मदतनीस. म्हणजे तपास त्या करत आणि चुका हे.

तक्रार सरळ होती. हातोडा खालच्या गल्लीच्या म्होरक्याला, वस्तऱ्याला, मोबाइलवर जाहीर धमकी देई. दुसऱ्या दिवशी दुपारी एक ते दोनच्या दरम्यान कुणी अनोळखी त्याखाली हातोड्याचा लहानपणचा रडका फोटो टाकी. पोरं हसत, मारामारी बारगळे. वस्तऱ्याचीही तीच गत होती म्हणे.

"आज सहाला पुलाखाली निकाल आहे," हातोडा म्हणाला. "त्याआधी फोटोवाला सांगा. त्याचे हात तोडतो."

फोटोत डावी बाही वर सरकवलेलं चारेक वर्षांचं पोर होतं. मागे भिंतीवर उंची मोजायची पट्टी. कडेला कुणाच्या तरी चिमुकल्या हाताने त्याचं बोट धरलेलं.

वहिनी मात्र हातोड्याचं मोबाइलवरचं लिखाणच वाचत बसल्या. दोन्ही गल्ल्यांतला एकेक पोरगा भांडणात जीवानिशी गेला होता. हातोड्याच्या प्रत्येक धमकीच्या दोन दिवस आधी दोनच ओळी असत : 'झोप नाही. घास उतरत नाही.'

हातोड्याची आई म्हणाली, असला फोटो घरात कधी नव्हताच. नाक्यावरचा फोटोग्राफर म्हणाला, पोर हसल्याशिवाय मी बटण दाबत नाही. भावजींचा संशय त्याच्यावरच, कारण त्याच्याकडे कॅमेरा होता. वस्तऱ्याने शिव्यांसकट आपला फोटो पाठवला : तशीच पट्टी, तसंच रडू, एक हात चौकटीबाहेर गेलेला.

वहिनींनी एक फोन केला. पाच वाजता दोघा म्होरक्यांना दोन गल्ल्यांमधल्या एकुलत्या एक दवाखान्यात, लस टोचायच्या खोलीत बसवलं. भावजी मध्ये बसले, नाइलाजाने.

"बाही वर आणि मागे उंचीची पट्टी, म्हणजे लस," वहिनी म्हणाल्या. "एक ते दोन ही इथली जेवणाची सुट्टी. आणि हे दोन फोटो नाहीत."

त्यांनी दोन्ही मोबाइल शेजारी ठेवले. चौकटीबाहेर गेलेला हात पलीकडच्या बोटाला जाऊन मिळाला.

"मीच काढला होता आणि मीच कापला," दवाखान्यातल्या पांढऱ्या केसांच्या सिस्टर म्हणाल्या. "तुमचं लिहिलेलं मी रोज वाचते. झोप नाही असं लिहिलंत की मला धडकी भरते. सुई टोचली तेव्हाही असंच होतं. आधी दुखायचं, मग तुम्ही ओरडायचात."

त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "तोडायचेत ना?"

हातोडा त्या हातांकडे बघत राहिला. "माझं बोट यानं धरलं होतं?"

"हा आधी टोचून घेऊन रडत होता," सिस्टरांनी वस्तऱ्याकडे मान वळवली. "तरी तुझी पाळी आल्यावर यानेच धरलं."

सहा वाजले. हातोड्याने मोबाइल उचलला, तसे भावजी खुर्चीखाली जाण्याचा विचार करू लागले. पण त्याने दोन्ही फोटो जोडून सगळ्यांना दिसतील असे टाकले, वर एकही शब्द न लिहिता.

भावजींच्या पलीकडे बसलेल्या वस्तऱ्यानेही मोबाइल काढला. त्याने फोटोखाली लिहिलं, 'मलाही झोप नाही.'

भावजी उठले आणि मधली खुर्ची रिकामी केली. आयुष्यात पहिल्यांदाच, कुणी न सांगता.