दाराबाहेरून मोजलेले श्वास

चौसष्ट.

"तिथंच थांबा, वन्सं! आत पाऊल टाकलंत तर माझ्यासारखी वाईट कुणी नाही!"

आत्या उंबऱ्याबाहेरच थबकली. आतलं बाळ रडत नाहीये, हेच तिला आधी ऐकू आलं होतं... मुलांच्या वॉर्डात बावीस वर्षं आया म्हणून राबलेल्या त्या बाईला त्या न रडण्याचा अर्थ ठाऊक होता!

"नाही येत आत. तिचा फ्रॉक तेवढा वर कर. मला मोजू दे."

"काय मोजताय? आमचे दिवस?"

"श्वास मोजते गं. कर वर!"

भावजयीनं रागारागानं फ्रॉक वर केला. आठ महिन्यांची ठमी, त्यातून दोन महिने आधीच जन्मलेली... नाकपुड्या फुलत होत्या, दर श्वासाला फासळ्यांखालची कातडी आत ओढली जात होती. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत आत्याचे ओठ पूर्ण एक मिनिट हलत राहिले.

"चौसष्ट. दूध घेतलं?"

"सकाळपासून तोंड फिरवतेय."

"उचल तिला. अशीच्या अशी हॉस्पिटलात ने."

"नेते की! रोग घरात आणायचा तुम्ही आणि धावाधाव करायची मी! तीन महिने सांगतेय, हॉस्पिटलातून येणारं माणूस या घरात नको म्हणून! बाहेरच्या खोलीत ठेवलं तेच चुकलं माझं..."

ठमीचा बाप खाली मान घालून चपला शोधत होता. पायातल्याच चपला! बहिणीकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

आत्याच्या पिशवीत दर सोमवारच्या तपासणीचा ताजा कागद होता. कोरोना नाही, असं स्पष्ट लिहिलेला. तो तिनं बाहेर काढलाच नाही.

का?

त्यासाठी थोडं मागं जायला हवं. मागच्या गुरुवारच्या चहापर्यंत.

*

ठमीचा बाप साबणाच्या कारखान्यात नाक होता. म्हणजे कामच ते... कढईत ओतलेला सुगंध हुंगायचा आणि मान हलवायची. ती मान हलल्याशिवाय साबण साच्यात जात नसे. गल्लीत त्याला नाकशेठच म्हणत. घरीसुद्धा दूध त्यानं हुंगल्याशिवाय ठमीच्या वाटीत पडत नसे.

त्या गुरुवारी दूध खाली लागलं होतं. आत्यानं पहिलाच घोट थुंकला. पायरीवर बसलेल्या भावानं मात्र तो करपट चहा तळापर्यंत संपवला आणि तोंडही वाकडं केलं नाही.

ती त्याच्या रिकाम्या कपाकडे बघत राहिली. त्याला कळलं.

"ताई, कुणाला बोलू नकोस. नाक गेलं हे कळलं तर उद्या माझ्या जागी दुसरा उभा राहील. आणि ही तर माहेरीच निघून जाईल."

"मग ठमीला हात लावायचा नाही. शपथ घे."

"घेतली. तूही घे, गप्प राहशील म्हणून."

आईमागं ज्याला तिनं पोटच्या पोरासारखं वाढवलं, ज्याच्यापायी आलेली दोन स्थळं परत धाडली, त्याच्यासाठी ही आणखी एक शपथ... घेतली तिनं!

*

एकाहत्तर.

ठमीच्या इवल्याशा नाकाला प्राणवायूची नळी लागली. "बहुतेक मुलांना हा कोरोना साध्या सर्दी-तापासारखा होऊन जातो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण वर्षाच्या आतल्या, वेळेआधी जन्मलेल्या काहींना जड जातो. श्वासनळ्याच एवढ्या बारीक असतात. पुढचे दोन दिवस महत्त्वाचे."

आई-बापाची तपासणी करायची होती. आईनं दिली. बाप "उद्या देतो" म्हणून सटकला.

भावजय सिस्टरपुढं कडाडली, "ती आया माझी नणंद आहे. तिला माझ्या मुलीजवळ फिरकू द्यायचं नाही!"

आणि बावीस वर्षं त्या वॉर्डात राबलेली आया खाली चादरी मोजायला गेली. जेवणाच्या सुट्टीत वर यायची, काचेच्या दाराबाहेर उभी राहायची... सदतीस, अडतीस, एकोणचाळीस... की आतून पडदा खस्सकन ओढला जायचा!

*

अठ्ठावन्न.

तिसऱ्या दिवशी भावजयीनं नवऱ्याला निरोप धाडला, तिची दुपटी आणा, घरच्या वासानं झोपेल. तो पिशवी घेऊन दुपारी दारात आला. पिशवीचं तोंड उघडताच भावजयीला उमासा आला. निघायच्या गडबडीत ओली राहिलेली दुपटी तीन दिवसांत नासून गेली होती!

"हे आणलंत? तुम्ही?" तिचा आवाज खाली खाली गेला. "फाटकातून आत येताना आज भाजी कुठली ते सांगणारे तुम्ही... तुम्हाला वास येत नाही."

तो भिंतीला टेकून खालीच बसला.

"गुरुवारपासून. ताईला ठाऊक होतं, मीच तिचं तोंड बांधलं. ठमीला हात लावायचा नाही म्हणाली होती गं... पण शुक्रवारी ठमीनं हात पसरले!"

चादरींचं गाठोडं घेऊन आत्या नेमकी जिन्यात आली होती. भावजय नवऱ्याला ओलांडून तिच्यावर धावली.

"तीन दिवस मी तुम्हाला वाट्टेल ते बोलले, आणि तुम्ही गप्प! केवढा मोठेपणा! भावाची नोकरी सांभाळलीत, भावाचा संसार सांभाळलात... आणि बापापासून लांब ठेव, एवढं मला सांगायला कुणाची जीभ रेटली नाही! तुमचा त्याग माझ्या लेकराच्या छातीत घरघरतोय, वन्सं!"

तीन दिवसांचे सगळे शब्द आत्यानं कोरड्या डोळ्यांनी झेलले होते, कारण ते खोटे होते. हा एकच खरा होता... गाठोडं खाली ठेवून तिनं हात जोडले. "चुकले गं," एवढंच तिला म्हणता आलं, "वॉर्डातल्या शंभर पोरांच्या आईबापांना सांगितलं, तुला तेवढं नाही..."

"हात नका जोडू. त्यानं काही तिला श्वास येणार नाही!" पडदा पुन्हा ओढला गेला.

बापानं त्याच संध्याकाळी तपासणी दिली.

*

पाचव्या दिवशी सकाळी पडदा सरकला. भावजय दारात उभी. डोळे सुजलेले, आवाज तसाच धारदार.

"सिस्टरला सांगितलंय. या आत. मन साफ झालंय असं समजू नका."

"नको होऊ दे," आत्या म्हणाली.

"मोजताना मला रडू फुटतं. तिशीच्या पुढं आकडा चुकतो माझा..."

आणि तिनं आपल्या हातानं ठमीचा फ्रॉक वर केला. आत्यानं घड्याळ पुढं धरलं. ओठ हलू लागले. फासळ्यांखालची कातडी आता आत ओढली जात नव्हती. ठमीनं मध्येच आत्याच्या मास्कची दोरी मुठीत धरली, तरी आकडा तुटला नाही.

"बेचाळीस."

भावजयीनं पायानंच स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"बसा," ती म्हणाली. "आणि पुन्हा मोजा."