शून्याचं पाणी

पाकाचा दाटपणा मोजणारं यंत्र दत्तोपंत उपासन्यांनी काढलं, तेव्हा शिवाजी पेठेत कौतुक सगळ्यांनी केलं. विकत कुणी घेतलं नाही. पाक नळीतून वाहत असतानाच तो किती दाट झाला हे काटा दाखवायचा. पण इतकी वर्षं काट्याविना साखर होतच होती. पंत कितीतरी हंगाम ते यंत्र गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, कारखान्याकारखान्यांतून एसटीनं हिंडले. एका कंडक्टरनं मूल केवढं आहे म्हणूनही विचारलं.

आता ते थकले होते. नदीकाठच्या एका साखर कारखान्यानं चाचणीला होकार दिला होता. इथं जमलं नाही तर मेव्हण्याच्या रॉकेलच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलं होतं. रॉकेल मेलं कायमच पातळ. त्यात मोजण्यासारखं काही नाही.

यंत्रात एक खोट होती. शून्याची खूण शुद्ध पाणी भरून करायची असते. ती करायचा दिवस नेमका खंडेनवमीचा आला. हत्यारांची पूजा मांडलेली, आणि शुद्ध पाण्याची बाटली रिकामी. पंतांच्या पत्नी सरोजिनीबाईंनी देवघरातला तांब्या पुढं केला. त्यात नृसिंहवाडीच्या संगमाचं पाणी होतं. पाणी ते पाणी, असं त्यांचं म्हणणं. पंतांनी त्या पाण्यावर शून्य धरलं आणि ही गोष्ट कुणाला सांगितली नाही.

चाचणी उत्तम झाली. केमिस्ट गणपतरावांनी काट्याचा आकडा रोज प्रयोगशाळेत ताडून पाहिला. फरक पडला नाही. शेवटच्या दिवशी दुपारी पाक बंद करून नळी धुतली, वाफेनं सुकवली. रिकाम्या नळीत काटा शून्याच्याही खाली, त्याला अडवणाऱ्या खिळ्याला टेकायला हवा होता.

तो शून्यावर येऊन थांबला.

गणपतरावांनी नळी खोलायला लावली. आत ठणठणीत कोरडं. कृष्णात नावाच्या फिटरनं कोपरापर्यंत हात घातला, बाहेर काढला आणि कितीतरी वेळ विजारीला पुसत राहिला.

"काय रं?"

"काय न्हाय सायेब. गार लागलं."

नळी परत बसवली. काटा शून्य सोडून वर सरकू लागला. सावकाश, पण न थांबता. पाणी गढूळ होत जावं तसा. पंतांना ओल्या गाळाचा वास आला. त्यांनी खिडकीतून पाहिलं. बाहेर एप्रिलचं ऊन रणरणत होतं. नदी डबक्याडबक्यांनी पडली होती.

"पंत, यंत्र ब्येस हाय," गणपतराव म्हणाले. "पर रिकाम्या नळीत ह्ये काय मोजायलंय?"

पंतांनी काट्याच्या काचेवर टिचकी मारून पाहिली.

"मोजू द्या की. तुमी तो शून्याचा स्क्रू पिळा, काटा खाली घ्या आन् ह्यालाच शून्य म्हना. सहा नगांच्या ऑर्डरीवर आत्ता सही करतो."

पंतांनी काट्याकडे पाहिलं. तो अजून चढत होता. मग त्यांना रॉकेलचं दुकान आठवलं.

त्यांनी स्क्रू पिळला. जे काही चढत होतं, ते शून्य झालं.

सही झाली.

दिवेलागणीला पंत घरी पोचले, पायरीवर चपला काढल्या. आत सरोजिनीबाई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. डबे, ट्रंका, अंथरुणं, देवसुद्धा माळ्यावर गेले होते. त्या गल्लीत पुराचं पाणी कधी कुणी पाहिलेलं नव्हतं.

"मिळाली ऑर्डर," पंत म्हणाले.

"बरं झालं बाई." त्यांनी पदर सावरला. "अहो, उंबऱ्याशी जपून. दुपारपासून चढतंय."

फरशी कोरडी होती. पंतांनी ती नीट पाहिली. मग धोतर गुडघ्याच्या वर घेतलं आणि पाऊल चाचपत आत टाकलं.

मागं पायरीवर त्यांची एक चप्पल हळूच फिरली, आणि कोरड्या दगडावरून गल्लीकडं निघाली. थोड्या वेळानं दुसरी.