कळसाक्षी

मेहुण्याची किंकाळी ऐकली की प्रभाकर आवटींच्या पाठीला बरं वाटायला लागे. किंकाळी रोज सकाळी चहानंतर आणि पोह्यांच्या आधी होई. कॉलनीत नवीन आलेले लोक धावत यायचे; जुने तिच्यावर घड्याळ लावायचे.

आवटी मिरजेत मंडप घालत. मागल्या वर्षी एका पुढाऱ्याच्या सत्काराला पुढाऱ्याच्या आधी तेच स्टेजवर पोचले, पण वरून. मणक्यात दोन पट्ट्या बसल्या आणि दुखणं मुक्कामाला आलं.

अशा दुखण्यावरचं जालीम औषध आता कुणाच्या हातात देत नसत. पूर्वी देत. तेव्हा लोक एकीच्या जागी दोन गोळ्या घेत, उरलेल्या चहाच्या डब्यामागे ठेवत, आणि शेजारीण गुडघा धरून आली की मोठ्या मनानं काढून देत, "मला लागू पडली, तुम्ही पण घ्या!" कुणी वरून दारू घेई. काहीजण झोपेत श्वास घ्यायचे विसरले. उरलेल्यांपैकी पुष्कळांना गोळीचीच सवय लागली. सवय लागलेला मेंदू खोटं बोलायला शिकतो. पाठ गप्प असली तरी तो 'दुखतंय, दुखतंय' अशी बोंब मारतो आणि रोग्याला ते अगदी खरं वाटतं. म्हणजे रोग्याला विचारून उपयोग नाही. दुसऱ्याला विचारायला हवं.

त्यातून निघाला कळसाक्षी, म्हणजे रोग्याची कळ चाखणारा माणूस. एक पट्टा रोग्याच्या कमरेला, एक साक्षीच्या मनगटाला. दुखऱ्या जागेतून निघालेला संदेश रोग्याच्या मेंदूपर्यंत पोचण्याआधी वाटेतच टिपायचा आणि क्षणभर साक्षीच्या मज्जातंतूंत सोडायचा. साक्षीला जेवढं लागेल तेवढंच औषध कुलूपबंद डबी बाहेर टाकते. ओरडण्याला किंमत नाही. साक्षीचे मज्जातंतू काय म्हणतात ते डबी मोजते. शिवाय साक्षी एकदा नेमला की बदलता येत नाही. सुरुवातीला येत होता. तेव्हा लोक भित्री माणसं भाड्यानं आणू लागले, आणि स्थळांच्या जाहिरातीत 'निर्व्यसनी'च्या शेजारी 'अत्यंत हळवा' असं छापून यायला लागलं.

आवटींनी साक्षी पारखून घेतला होता. बायको पद्मा दोन्ही बाळंतपणांत हूं की चूं न केलेली बाई, तेव्हा तिचा उपयोग नव्हता. तिचा भाऊ सुकुमार मात्र दुसऱ्याला इंजेक्शन देताना बघून बेशुद्ध पडायचा. पहिल्या चाखणीला तो सोफ्यावरून खाली आला, टीपॉय धरून रडला आणि म्हणाला, "दाजी, हे असलं घेऊन तुम्ही जेवता कसं हो?" आवटींचे डोळे भरून आले. इतकी वर्षं संसार करून त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं.

पावसाळा संपेपर्यंत किंकाळीचं कण्हणं झालं. दिवाळीला कण्हण्याचं 'हं' झालं. आणि एका सकाळी सुकुमार एका हाताला पट्टा बांधून दुसऱ्या हातानं भडंग खात बसला. डबी उघडलीच नाही.

"लाव की रे पट्टा!"

"लावलाय की दाजी. झालीसुद्धा चाखणी."

"मग ओरड!"

"लागतच नाही हो काही. मुंगी चालल्यासारखं होतंय."

पद्मानं भावाला सणसणीत चिमटा काढला. डबी गोड आवाजात म्हणाली, "ही वेदना रोग्याची नाही." मग पद्मानं त्याला त्यांच्या मेलेल्या कुत्र्याची आठवण करून दिली. तो ढसाढसा रडला. डबी तेच म्हणाली.

दुपारी तिघं डॉ. वैदेही रास्ते यांच्याकडे गेले. ही पद्धत बसवणाऱ्या चमूत त्या होत्या. त्यांनी पट्टे तपासले आणि मान हलवली.

"यंत्र ठीक आहे, आवटी. नव्या रंगाचा वास येतो, दोन दिवसांनी येत नाही. रंग गेलेला नसतो, नाक सरावलेलं असतं. औषधाची सवय तुम्हाला लागू नये एवढंच आम्ही बघितलं. तुमच्या दुखण्याची सवय ह्यांना लागली."

"मग ह्याला काही दिवस सुट्टी द्या. सराव मोडेल."

"मोडेल. दोन-तीन महिन्यांत. पण चाखणी नाही तर डबी नाही."

"मग घरातल्या उरलेल्या काही..."

"अजिबात नाही," बाई खाडकन म्हणाल्या. "दुसऱ्याची गोळी नाही, जुनी गोळी नाही. मी सांगते तेवढंच. औषध एकदम तोडणंही धोक्याचं, म्हणून मी लावून देते तशी डबी उद्यापासून ते हळूहळू उतरवत नेईल. तिच्या हिशोबी तुम्ही बरे झालात."

"तिच्या हिशोबी! अहो, पाठ माझी आहे!"

"मला मान्य आहे."

"मग तुम्हीच चाखा. एकदाच. आणि लिहून द्या वर."

बाईंनी पट्टा बांधला. आवटी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तो चेहरा दळण टाकून आलेल्या बाईसारखा निवांत होता.

"चालू झालं का?" पद्मानं विचारलं.

"झालं असेल," बाई म्हणाल्या. "मी इथे रोज सगळ्यांचं चाखते. मला आता कुणाचंच काही कळत नाही. परवा माझ्या मुलीचा हात मोडला, तर मी म्हटलं, आधी डबा संपव."

त्यांनी शेक आणि व्यायाम लिहून दिले, आणि पंधरवड्यानं परत या म्हणाल्या.

येताना रिक्षा खड्ड्यात आदळली. आवटींच्या कमरेतून मानेपर्यंत वीज गेली. ते असे ओरडले की चालकानं रिक्षा थांबवली. पद्मा घाबरून त्यांना धरायला वाकली.

सुकुमारनं तिचा हात हलकेच बाजूला केला. त्याच्या डोळ्यांत खरी माया होती.

"ताई, घाबरू नको. मी चाखलंय ना. एवढं काही नसतं."

"अरे, मरतोय मी!" आवटी म्हणाले.

"तसं वाटतं हो दाजी. मेंदू बोलतो तो. मी रोज आत जाऊन बघतो ना? काही नाही तिथे."

पद्मानं नवऱ्याकडे पाहिलं. मग भावाकडे. भाऊ सगळं सोसून आलेल्या माणसाच्या शांतपणानं बसला होता. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली आणि तिचा चेहरा दळण टाकून आलेल्या बाईसारखा निवांत झाला.

"चला हो," ती चालकाला म्हणाली. मग पर्समधून फोन काढून तिनं आवटींच्या हातात दिला. "कुपवाडच्या लग्नाचा मंडप तुम्ही नको म्हणाला होता ना? त्यांना फोन करा. म्हणावं, आता बरं आहे."