ओतून दिलेलं पाणी

पडदे ओढून घे, स्वराली. आणि वरद, तो फोन जरा बाजूला ठेव. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो प्रबुद्ध माझ्याच टीममध्ये होता. नागपूरचा मुलगा, देवाधर्माच्या, भुताखेताच्या वाटेलाही न जाणारा. शेवटचं तर मी स्वतः पाहिलंय.

दोन फेब्रुवारी २००९, सोमवार. त्या दिवशी इंग्लंडमध्ये इतका बर्फ पडला की बसेस बंद झाल्या. मिल्टन कीन्स म्हटलं की तुम्हाला राउंडअबाउट आणि ऑफिसं आठवतात, पण त्या नव्या शहराच्या पोटात जुनी खेडी तशीच राहिली आहेत. चार दगडी घरं, एक चर्च, एक पब. अशाच एका खेड्यात प्रबुद्ध आणि मृणालनं कॉटेज भाड्यानं घेतलं होतं. मुलगी मैत्री, चौदा महिन्यांची.

संध्याकाळी सहाला प्रबुद्ध औषध आणायला चालत निघाला. मैत्रीला सकाळपासून उलट्या आणि जुलाब होत होते. केमिस्ट उघडा होता. मीठ-साखरेच्या पुड्या घेऊन तो साडेसातला परत आला. फोनवर नर्स म्हणाली, "दर पाच मिनिटांनी चमचाभर पाजत राहा. फक्त पाणी थांबू देऊ नका."

त्यानं किचनमध्ये नळाचं पाणी घेतलं, पुडी कालवली, ग्लास ओट्यावर ठेवला आणि चमचा शोधायला वळला. मागे पाणी ओतल्याचा आवाज आला. वळून पाहतो तर ग्लास सिंकमध्ये पालथा.

धक्का लागला असेल, असं त्याला वाटलं. दुसरी पुडी कालवली. मृणालनं हाक मारली म्हणून दारापर्यंत गेला. पुन्हा तोच आवाज. एका धारेत, सावकाश. कुणीतरी मुद्दाम ओतावं तसा.

अकरापर्यंत चार पुड्या गेल्या. बेडरूममध्ये ग्लास नेला तर तिथेही रिकामा. बाटलीत भरलं तर बाटली उपडी, बूच बाजूला. मैत्रीचे डोळे खोल गेले होते. ती रडायची, पण डोळ्यांत पाणी येईना. अॅम्ब्युलन्सला फोन केला. गाडी निघाली आहे, पण रस्ते अडलेत, वेळ सांगता येणार नाही, असं उत्तर आलं.

पाचव्या वेळी प्रबुद्धनं ग्लास दोन्ही हातांत घट्ट धरला.

"काका," मला म्हणाला, "माझ्या बोटांवर बोटं आली. गार. खरबरीत, मिस्त्र्याच्या हातासारखी. हिसकावलं नाही. नुसता ग्लास कलता करत गेली... मी पूर्ण जोर लावला होता."

पाणी त्याच्या पायांवर सांडलं. तो ओरडला नाही. समोरच्या रिकाम्या जागेला मराठीतच म्हणाला, "माझ्या पणजीला गावानं विहिरीवर चढू दिलं नाही. इथंही पाणी अडवता? माझी पोर मरेल रे."

 नळ थेंबथेंब गळत होता.

एक वाजता त्यानं शेजारचं दार ठोठावलं. मिसेस टार्वी, वय ऐंशीच्या पुढे, जन्म त्याच गल्लीतला. तिनं त्याची ओली पँट पाहिली आणि विचारलं, "घरात कुणी आजारी आहे का? पोटानं?"

मग तिनं दारात उभ्या उभ्याच सांगितलं. दीडशे वर्षांपूर्वी, व्हिक्टोरिया राणीच्या काळात, त्या घरात जॉब हॅरडिन राहायचा. धंद्यानं पंप बसवणारा मिस्त्री. शिवाय पॅरिशनं, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखंच म्हणा, त्याला विहिरी आणि गटारं तपासायला नेमलं होतं. गावाला पंपाच्या पाण्याचा वास येऊ लागला. पंप त्यानंच बसवलेला, आता प्रबुद्धचं सिंक आहे तिथे. पाणी चांगलं आहे, असं त्यानं चर्चच्या दारावर लिहून लावलं. लोकांची खात्री पटावी म्हणून आपल्या मुलांना सगळ्यांदेखत तेच पाणी पाजलं. पटकी होती, म्हणजे कॉलरा. नऊ दिवसांत सगळी मुलं गेली.

"बायको माहेरी निघून गेली," मिसेस टार्वी म्हणाली. "तो तीस वर्षं जगला. रात्री लोकांच्या घरात शिरून बादल्या ओतून द्यायचा. माझी आजी सांगायची, मारलं तरी थांबायचा नाही."

प्रबुद्धनं घरी येऊन मृणालला सगळं सांगितलं. मैत्री आता रडतही नव्हती. मृणालनं एवढंच विचारलं, "तो हात... थरथरत होता का?"

"हो."

"मग तो घाबरलाय. तुझ्या-माझ्याइतकाच."

तिनं पोर त्याच्याकडे दिली. मोठं पातेलं काढलं, काठोकाठ भरलं, गॅसवर ठेवलं. उकळी फुटली. तिनं गॅस बंद केला नाही. दहा मिनिटं... पंधरा मिनिटं... खिडक्या वाफेनं पांढऱ्या झाल्या. मग पातेलं टेबलावर ठेवून ती सिंककडे तोंड करून उभी राहिली.

"बघा," ती म्हणाली. "उकळलंय. मी स्वतः उकळलंय. आता यात काही राहत नाही."

वाटीभर पाणी गार करून ती आधी स्वतः प्यायली. सगळं. मग दुसऱ्या वाटीत शेवटची पुडी कालवली. चमचा भरला.

चमचा हवेत थांबला.

मनगटाला गार लागलं. तिनं हात मागे घेतला नाही...

किती वेळ, तिला सांगता आलं नाही. मग मनगट सुटलं.

मैत्रीनं चमचा चोखला. पाच मिनिटांनी दुसरा. पहाटे पाचला अॅम्ब्युलन्स आली तेव्हा वाटी संपली होती. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले, ते पाणी गेलं नसतं तर अवघड होतं.

मंगळवारी सकाळी प्रबुद्धबरोबर मी त्या घरी गेलो, पोरीचे कपडे घ्यायला. तो वर गेला. मी किचनमध्ये शिरलो. निघताना मृणालनं पातेलं तसंच टेबलावर ठेवलं होतं, जवळजवळ भरलेलं, वर झाकण. झाकण बाजूला होतं. पातेल्यात थेंब नव्हता.

टेबलावर ओली वर्तुळं उमटली होती. लहान पेला टेकवला की उमटतं, तसली. ओळीनं. मी मोजली. सहा.

चर्च समोरच होतं. थडग्यावर हॅरडिनच्या किती मुलांची नावं आहेत, ते वाचायला मी गेलो नाही. फडकं घेतलं आणि टेबल पुसू लागलो. पाच वर्तुळं बर्फासारखी गार होती.

सहावं... अजून कोमट होतं, जणू पेला आत्ताच कुणी उचलला.