दूधमणीचा वास

वाइनच्या पाच परीक्षकांनी पेले खाली ठेवले आणि पाचांनीही एकच शब्द लिहिला: निर्गंध.

"नाकं चोंदलीत का तुमची?" सुवर्णाताई बोरस्ते उसळल्या. "अख्खी खोली दरवळतेय!" दूधमणी या देशी पांढऱ्या द्राक्षाच्या जगातल्या शेवटच्या चाळीस वेली दिंडोरीजवळ त्यांच्याच मळ्यात होत्या.

वाणसंग्रहालयातल्या डॉ. इरा गायधनीनं त्यांना बाहेर नेलं. "आजी, यंत्राला वास सापडतो. माणसांनाच येत नाही."

"म्हणजे?"

"नाकात वासाची सुमारे चारशे प्रकारची कुलपं असतात. वासाचा रेणू किल्लीसारखा त्यात बसला, की मेंदूला वास कळतो. तीस वर्षांपूर्वीची साथ त्यातल्याच एका कुलपातून शरीरात शिरायची. नाकात फवारायच्या लशीनं ते कायमचं बंद केलं. आजही प्रत्येक बाळाला ती देतात. काय गमावलं ते कुणाला कळलंच नाही, कारण त्या कुलपाची किल्ली फक्त दूधमणीत आहे."

सुवर्णाताईंना ॲलर्जीमुळे लस दिलेली नव्हती.

"मग मी सांगतेय ते पुरे नाही?"

"पुरे आहे. पण वास कसा, ते सांगा. नुसता यंत्राचा आकडा चालत नाही; माणसानं सांगितलेला वेगळा गुण नोंदवल्याशिवाय वाण संग्रहात घेत नाहीत."

इरा आठ दिवस रोज आली. सुवर्णाताई पेला नाकाशी नेत. "केवड्यासारखा... नाही. कढत्या तुपासारखा. छे, तसाही नाही." चिडून त्या अंगणात येरझाऱ्या घालत, तीनचार पावलांत कळवळून थांबत. खुबा पार झिजला होता आणि लशीशिवाय कुठलंच रुग्णालय शस्त्रक्रिया करत नव्हतं. ॲलर्जी न होणारी लस आता निघाली होती.

"थोडं थांबाल?" इरानं विचारलं, आणि तिची तिलाच लाज वाटली.

"वासासाठी लंगडत मरू?"

त्यांनी लस घेतली, खुब्याची शस्त्रक्रियाही झाली. फाल्गुनात घड पिकले तेव्हा त्या काठीशिवाय मळ्यात आल्या. एक मणी तोंडात टाकला. मग दुसऱ्या वेलीचा, तिसऱ्या वेलीचा. घाईघाईनं त्यांनी सगळी रांग पालथी घातली.

"इरा, खरं सांग. वास होता ना?"

"यंत्र म्हणतं, आहे."

"यंत्राचं सोड. तुला कधी आला?"

"नाही."

"कसा होता, मलाही आठवत नाही गं. मग आठ दिवस मी काय बरळत होते? मनाचेच खेळ असतील. वास नाही असं लिही. खोटं कशाला?"

इरानं दोनदा समजावून पाहिलं. त्या ऐकेनात. शेवटी तिनं 'निर्गंध' लिहिलं, आणि खाली साक्षीदार म्हणून सुवर्णाताईंनी सही केली.